शस्त्र परवान्यासाठी ओळख व निवासाचे पुरावे (शिरूर व दौंड तालुके)

शस्त्र परवान्यासाठी ओळख व निवासाचे पुरावे म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा अन्य अग्निशस्त्र बाळगण्याचा परवाना मागणाऱ्या व्यक्तीने आपले नाव, वय, चेहरा आणि राहण्याचे ठिकाण सिद्ध करण्यासाठी अर्जासोबत द्यावयाची कागदपत्रे होत. भारतात हा विषय शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी नियंत्रित होतो. कायदा संपूर्ण देशाला एकच असला, तरी अर्ज कोणाकडे करावयाचा, पडताळणी कोण करणार आणि कोणते कागद सहज उपलब्ध होतात, या बाबी स्थानपरत्वे बदलतात. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या संदर्भात या पुराव्यांची माहिती दिली आहे.

ओळखीचा पुरावा हा परवान्याचा आधार नसून त्याची पूर्वअट आहे. अर्जदार कोण आहे, एवढेच त्यातून ठरते. त्याला शस्त्राची गरज आहे काय आणि ते त्याच्या हाती देणे सुरक्षित आहे काय, हे प्रश्न स्वतंत्रपणे तपासले जातात. सर्व कागदपत्रे बिनचूक असूनही परवाना नाकारला जाऊ शकतो. याउलट, चुकीच्या माहितीवर मिळालेला परवाना पुढे केव्हाही रद्द होऊ शकतो.

## पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या काळात १८७८ साली भारतीय शस्त्र अधिनियम संमत झाला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास त्याने बंदी घातली. युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. त्यामुळे शस्त्र बाळगण्याचा अधिकार माणसाच्या वर्तनावरून नव्हे, तर त्याच्या वंशावरून ठरत असे. हा भेदभाव राष्ट्रीय चळवळीच्या टीकेचा विषय झाला. कायदा आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी आपल्या सशस्त्र उठावातील पहिला छापा शिरूर तालुक्यातील धामारी या गावी घातला.

स्वातंत्र्यानंतर जुना कायदा रद्द होऊन शस्त्र अधिनियम, १९५९ संमत झाला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा १५ जुलै २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या शस्त्र नियमांनी घेतली. अर्जाचे नमुने, ओळखीचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण यांविषयीच्या सध्याच्या तरतुदी या नियमांत आहेत. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीने एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

## परवाना प्राधिकारी व हद्द

पुणे जिल्ह्यात परवाना देणारे अधिकारी एकच नाहीत. पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. उर्वरित जिल्ह्यात तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे तेथील रहिवाशांचा अर्ज पुणे येथील जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. तहसील कार्यालय पिस्तुलाचा परवाना देत नाही. अर्जाची नोंद केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना संगणक प्रणालीत होते.

पडताळणी अर्जदाराच्या निवासस्थानाच्या हद्दीतील पोलीस ठाण्याकडून होते. शिरूर तालुक्यात शिरूर, शिक्रापूर आणि रांजणगाव औद्योगिक वसाहत ही पोलीस ठाणी आहेत, तर दौंड तालुक्यात दौंड व यवत ही आहेत. पश्चिमेकडील शेजारच्या हवेली तालुक्याचा काही भाग पुणे शहर पोलीस आयुक्तालयात मोडतो. म्हणून शिक्रापूर किंवा यवत परिसरात घर व पुण्यात व्यवसाय असलेल्या व्यक्तीने अर्जात कोणता पत्ता दिला आहे, यावरून परवाना प्राधिकारी बदलतो. दोन ठिकाणी दोन पत्ते देऊन दोन अर्ज करणे ही माहिती दडविण्याची बाब ठरू शकते. कारण पूर्वी कोठे अर्ज केला होता व त्याचे काय झाले, हे अर्जातच विचारलेले असते.

## गुप्तपणे शस्त्र बाळगण्याचा प्रश्न

अमेरिकेतील अनेक राज्यांत कपड्याखाली झाकून पिस्तूल बाळगण्यासाठी स्वतंत्र परवाना असतो. भारतात असा वेगळा परवाना नाही. येथे परवान्यावरच शस्त्राचा प्रकार, हेतू, केवळ ताब्यात ठेवण्याची की सोबत नेण्याचीही मुभा, आणि ज्या प्रदेशात तो वैध आहे त्या क्षेत्राचा उल्लेख असतो. शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर नेताना ते योग्य म्यानात, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या परिणामकारक नियंत्रणात असले पाहिजे. म्हणजेच झाकून नेणे ही भारतात वेगळी सवलत नसून सोबत नेण्याची अटच आहे. शस्त्र परजणे, दाखवून धाक घालणे किंवा लग्न-वरातीत हवेत गोळीबार करणे यांना मनाई आहे. आनंदोत्सवातील निष्काळजी गोळीबारास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

प्रादेशिक वैधतेची बाब या दोन तालुक्यांत विशेष महत्त्वाची आहे. शिरूर शहराला लागून घोड नदी आणि दौंड शहराला लागून भीमा नदी वाहते. दोन्ही पूल ओलांडताच अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. केवळ पुणे जिल्ह्यापुरता वैध असलेला परवाना घेऊन नदीपलीकडील शेतावर किंवा बाजारात शस्त्र नेणे हा परवान्याच्या अटींचा भंग होतो. परवान्यावरील क्षेत्र वाढवून घ्यावयाचे असल्यास त्यासाठी स्वतंत्र आदेश आवश्यक असतो.

## शस्त्रांचे प्रकार आणि कारणांची कसोटी

अधिनियमाच्या कलम १३ मध्ये सर्व शस्त्रांना एकच मापदंड लावलेला नाही. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षण व खेळासाठी किमान २० इंच लांब नळीची गुळगुळीत नळीची बंदूक यांसाठीची कसोटी तुलनेने सौम्य आहे. पिस्तूल व रिव्हॉल्व्हरसारख्या अन्य शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराकडे 'पुरेसे कारण' असल्याची परवाना प्राधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. व्यवसायामुळे वा अन्य परिस्थितीमुळे जिवास असलेला धोका, सैन्य वा पोलीस सेवेची पार्श्वभूमी, नेमबाजीतील सातत्यपूर्ण सहभाग अशा बाबी यात विचारात घेतल्या जातात. लष्कराच्या वापरातील काही क्षमतांची शस्त्रे सर्वसामान्य नागरिकांस निषिद्ध असतात.

दौंड येथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ व ७ आहेत. कर्तव्यावर असलेल्या जवानांच्या शासकीय शस्त्रांना व्यक्तिगत परवाना लागत नाही, कारण लोकसेवकाने कर्तव्य बजावताना बाळगलेली शस्त्रे अधिनियमातून वगळलेली आहेत. सेवानिवृत्तीनंतर बँकेत वा कारखान्यात सुरक्षारक्षक म्हणून स्वतःचे शस्त्र वापरावयाचे असल्यास अशा व्यक्तीसही इतरांप्रमाणे अर्ज करावा लागतो. सेवेचे ओळखपत्र वा निवृत्तीची कागदपत्रे पार्श्वभूमी सिद्ध करतात. परवान्याची जागा घेत नाहीत.

## अर्जासोबतचे पुरावे

व्यक्तिगत परवान्याचा अर्ज नियमांतील 'अ-१' या नमुन्यात केला जातो. त्यात अर्जदाराचे नाव, पालक वा जोडीदाराचे नाव, जन्मतारीख, सध्याचा व कायमचा पत्ता, नजीकचे पोलीस ठाणे, व्यवसाय, पूर्वीची शिक्षा वा शांतता राखण्याचे बंधपत्र, पूर्वीचे अर्ज, कुटुंबातील अन्य परवाने आणि शस्त्राची गरज यांची माहिती द्यावी लागते.

वयाचा पुरावा. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यासाठी जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पारपत्र यांचा उपयोग होतो. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असे आधार प्राधिकरणाने स्वतः स्पष्ट केले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरविताना आधारपत्रापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला.

ओळखीचा पुरावा. नियमांनी आधारपत्राला प्रथम स्थान दिले आहे. आधारपत्र नसल्यास तसे प्रतिज्ञापत्र करून पारपत्र, मतदार ओळखपत्र, पॅनकार्ड किंवा नोकरीच्या ठिकाणचे ओळखपत्र यांसारखा पर्यायी पुरावा देता येतो.

निवासाचा पुरावा. येथेही आधारपत्र चालते. ते नसल्यास प्रतिज्ञापत्रासोबत पारपत्र, मतदार ओळखपत्र, वीजदेयक, स्थिर दूरध्वनीचे देयक, भाडेकरार, मालमत्तेची कागदपत्रे किंवा परवाना प्राधिकाऱ्याचे समाधान होईल असा अन्य दस्तऐवज देता येतो. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८ चा उतारा व घरपट्टीची पावती यांचा या ठिकाणी उपयोग होतो. सातबारा उतारा शेतजमिनीवरील हक्क दाखवितो. त्या गावात राहत असल्याचे मात्र त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही.

छायाचित्रे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील अलीकडची चार पारपत्र-आकाराची छायाचित्रे लागतात. परवान्यावर छायाचित्र असल्यामुळे धारक व परवाना यांची प्रत्यक्ष पडताळणी करता येते.

इतर कागदपत्रे. शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याबाबतची हमी यांचा यात समावेश होतो. हे ओळखीचे पुरावे नसले, तरी त्यांवरील नाव मुख्य अर्जातील नावाशी जुळणे आवश्यक असते. व्यवसायाच्या कारणावरून अर्ज करणाऱ्यांकडून व्यवसायाची व आयकराची कागदपत्रेही मागितली जातात. परंतु अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

## नाव, जन्मतारीख व पत्ता यांतील तफावत

कागद नसणे यापेक्षा कागद एकमेकांशी न जुळणे ही ग्रामीण अर्जदारांची अधिक मोठी अडचण असते. तिची कारणे बहुधा अर्जदाराच्या लबाडीत नसून नोंदी ठेवण्याच्या पद्धतींत असतात.

पूर्वीच्या पिढीतील अनेकांची जन्मनोंद झालेली नव्हती. शाळेत नाव घालताना जूनमध्ये सुरू होणाऱ्या शैक्षणिक वर्षाच्या हिशेबाने गुरुजी १ जून ही तारीख लिहीत. त्यामुळे महाराष्ट्राच्या खेड्यांत १ जून हा असंख्य लोकांचा कागदोपत्री जन्मदिवस आहे. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवहीत वेगळी तारीख आढळल्यास दोन पुरावे परस्परविरोधी ठरतात.

नावांच्या बाबतीतही असेच घडते. 'दत्तात्रय' व 'दत्तात्रेय' ही दोन्ही रूपे प्रचलित आहेत. 'ज्ञानेश्वर' हे नाव रोमन लिपीत निरनिराळ्या पद्धतींनी लिहिले जाते. सातबाऱ्यावर 'बाळू', शाळेच्या दाखल्यावर 'बाळकृष्ण' आणि मतदार यादीत 'बाळासाहेब' अशी एकाच व्यक्तीची तीन नावे असू शकतात. काही कागदांवर आडनाव आरंभी, तर काहींवर शेवटी असते. विवाहित स्त्रीच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव असते, तर आधारपत्रावर पतीचे नाव व सासरचे आडनाव असते. दोहोंना जोडणारा दुवा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला लागतो.

तफावत किरकोळ असल्यास एकाच व्यक्तीची ही नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र केले जाते. नाव खरोखरच बदलले असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्याची प्रत जोडणे हा अधिक भक्कम मार्ग होय. अर्जापूर्वीच आधार, पॅन व मतदार यादीतील नोंदी दुरुस्त करून घेतल्यास पडताळणीच्या वेळी खुलासे करावे लागत नाहीत.

निवासाच्या पुराव्याचा प्रश्न औद्योगिक पट्ट्यात अधिक जाणवतो. शिरूर तालुक्यातील रांजणगाव, सणसवाडी व शिक्रापूर आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील कारखान्यांमुळे बाहेरच्या जिल्ह्यांतून व राज्यांतून आलेले अनेक लोक भाड्याच्या घरांत राहतात. त्यांचे आधारपत्र मूळ गावाचे आणि वास्तव्य येथील असते. अशा अर्जदाराची सध्याच्या पत्त्यावर तसेच मूळ पत्त्यावरही चौकशी होऊ शकते. ठिकठिकाणचे पोलीस अहवाल यावे लागत असल्याने अशा प्रकरणांस अधिक काळ लागतो.

## पोलीस पडताळणी

अर्ज आल्यानंतर परवाना प्राधिकारी नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडून अहवाल मागवितो. २०१६ च्या नियमांत त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. मुदतीत अहवाल न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा अधिनियमाने प्राधिकाऱ्यास दिली आहे. मात्र तसे करणे त्याच्यावर बंधनकारक नाही.

पडताळणीत कागदांवरील व्यक्ती व प्रत्यक्ष राहणारी व्यक्ती एकच आहे काय, हे प्रथम पाहिले जाते. अर्जदाराचा व शेजाऱ्यांचा जबाब घेतला जातो, गुन्हे अभिलेख तपासला जातो, आणि शस्त्र ठेवण्याच्या जागेची माहिती घेतली जाते. खेड्यात पोलीस पाटलाकडून मिळणारी माहिती उपयुक्त ठरते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमला जाणारा हा गावपातळीवरील अधिकारी त्या गावातील कुटुंबे, भाऊबंदकीचे तंटे व जमिनीचे वाद जाणून असतो. अर्जात लिहिलेला 'जिवास धोका' हा खरा धोका आहे की बांधाच्या भांडणातील एका बाजूने शस्त्र मिळविण्याचा प्रयत्न आहे, हा भेद कोणत्याही ओळखपत्रावरून कळत नाही. तो या स्थानिक चौकशीतूनच उमगतो. वाद सुरू असताना घरात आलेले पिस्तूल अर्जदाराचे रक्षण करण्याऐवजी वाद विकोपाला नेऊ शकते, म्हणून पडताळणीचा हा टप्पा निर्णायक मानला जातो.

हिंसाचाराच्या वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीस शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षे शस्त्र बाळगण्यास मनाई असते. शांतता किंवा चांगली वर्तणूक राखण्याचे बंधपत्र लिहून दिलेल्या व्यक्तीस त्या बंधपत्राच्या मुदतीत परवाना मिळू शकत नाही.

## वन्यप्राणी आणि परवाना

शिरूर तालुक्याच्या बेट भागात उसाच्या क्षेत्रामुळे बिबट्यांचा वावर मोठा आहे. ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ग्रामस्थांनी तीव्र आंदोलन केले आणि वन विभागाच्या पथकाने एका बिबट्यास गोळ्या घालून ठार केले. अशा घटनांनंतर गावकऱ्यांना आत्मसंरक्षणासाठी शस्त्र असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि, शस्त्र परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचा समावेश आहे. माणसाच्या जिवास धोकादायक ठरलेल्या बिबट्यास ठार करण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो. प्रत्यक्ष हल्ल्याच्या प्रसंगी स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती या कायद्याने गुन्हा मानलेली नाही. बिबट्या दिसला म्हणून माग काढून गोळी घालणे मात्र त्यात बसत नाही.

याच अधिनियमाच्या कलम ३४ चा संबंध थेट निवासाच्या पुराव्याशी येतो. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही, आणि अशा क्षेत्रातील जुन्या परवानाधारकांनी आपली नोंदणी करावयाची असते. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी प्रसिद्ध असून ते दौंड तालुक्याच्या दक्षिण सीमेजवळ आहे. त्यामुळे दौंडच्या दक्षिणेकडील गावांतील अर्जदाराचा पत्ता या परिघात येतो काय, हे पाहिले जाते. येथे पत्ता ही केवळ पत्रव्यवहाराची सोय नसून परवान्याची शर्तच बनते.

## एकमेव ओळख क्रमांक

परवाना मंजूर झाल्यावर त्याची नोंद राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीसाठ्यात होऊन त्यास एकमेव ओळख क्रमांक मिळतो. जुन्या, हाताने लिहिलेल्या परवाना-पुस्तिकांची माहितीही या साठ्यात भरून घेण्यात आली. ज्या परवान्यांना हा क्रमांक नाही ते, शासनाने दिलेल्या मुदतवाढी संपल्यानंतर, अवैध मानले जातात. वडिलोपार्जित बंदूक घरात आहे आणि पुस्तिकाही आहे, परंतु तिच्यावर हा क्रमांक नाही, अशा कुटुंबांनी परवाना प्राधिकाऱ्याशी संपर्क साधून शस्त्राची स्थिती नियमित करून घेणे आवश्यक ठरते.

शस्त्र सोबत असताना परवानाही सोबत ठेवावा लागतो. कलम १९ नुसार कोणताही पोलीस अधिकारी शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. तो न दाखविल्यास नाव व पत्ता विचारता येतो आणि शस्त्र ताब्यात घेता येते. नाव-पत्ता देण्यास नकार दिल्यास किंवा तो खोटा असल्याचा संशय आल्यास अधिपत्राशिवाय अटकही होऊ शकते.

## परवान्यानंतरचे बदल

पत्ता बदलल्यास त्याची माहिती परवाना प्राधिकाऱ्यास द्यावी लागते. दुसऱ्या जिल्ह्यात किंवा आयुक्तालयाच्या हद्दीत कायमचे स्थलांतर झाल्यास परवान्याची नोंद नव्या प्राधिकाऱ्याकडे करून घ्यावी लागते.

धारकाचा मृत्यू झाल्यास परवाना वारसाहक्काने मिळत नाही. बंदूक ही मालमत्ता म्हणून वारसांची असली, तरी ती बाळगण्याचा अधिकार मृत व्यक्तीबरोबर संपतो. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावयाचा असतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांचे नाते दाखविणारी कागदपत्रे व इतर वारसांची संमती लागते. वर सांगितलेल्या नावांतील तफावती या टप्प्यावर पुन्हा पुढे येतात. धारकाचे वय ७० वर्षे झाल्यावर किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद नियमांत आहे. वडिलांच्या पश्चात बंदूक नुसती माळ्यावर ठेवून दिल्यास ते विनापरवाना शस्त्र ठरते. असे अग्निशस्त्र बाळगण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे.

निवडणुकीच्या काळात जिल्हास्तरीय छाननी समिती परवान्यांचा आढावा घेऊन कोणती शस्त्रे जमा करून घ्यावयाची, हे ठरविते. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले किंवा पूर्वी दंगलीत सहभागी असलेले परवानाधारक यांचा त्यात प्रामुख्याने विचार होतो. लोकसभेसाठी शिरूर तालुका शिरूर मतदारसंघात, तर दौंड तालुका बारामती मतदारसंघात येतो; शस्त्र जमा करण्याचे आदेश मात्र दोन्हीकडे जिल्हादंडाधिकाऱ्यांचेच असतात.

## नकार, रद्द होणे व अपील

परवाना नाकारल्यास त्याची कारणे प्राधिकाऱ्याने लेखी नोंदवावयाची असतात. अर्जदाराने मागितल्यास त्याला त्या कारणांचे संक्षिप्त निवेदन द्यावे लागते. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने ते उघड करणे अनुचित वाटल्यास मात्र नाकारता येते. या आदेशाविरुद्ध विहित मुदतीत अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. शासनाने स्वतः किंवा शासनाच्या निर्देशावरून दिलेल्या आदेशाविरुद्ध असे अपील नाही.

महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळविलेला परवाना कलम १७ अन्वये निलंबित वा रद्द करता येतो. चुकीची माहिती अर्जदाराच्या वतीने दुसऱ्याने दिली असली, तरी परिणाम तोच होतो. त्यामुळे मध्यस्थाकरवी अर्ज भरून घेणाऱ्याने त्यातील प्रत्येक नोंद स्वतः वाचून पाहणे हिताचे असते. बनावट दाखला वा खोटे प्रतिज्ञापत्र सादर करणे हा परवाना रद्द होण्याखेरीज स्वतंत्र फौजदारी गुन्हाही आहे.

ओळख व निवासाची तपासणी ढिली पडल्यास काय होते, याचे मोठे उदाहरण जम्मू-काश्मीरमध्ये दिसले. तेथे २०१२ ते २०१६ या काळात त्या प्रदेशाचे रहिवासी नसलेल्यांनाही मोठ्या संख्येने परवाने दिल्याच्या आरोपांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने हाती घेतला. परवाना जिथे दिला जातो तेथे अर्जदार राहत नसेल, तर त्याला ओळखणारे शेजारी, पोलीस पाटील वा पोलीस ठाणे यांपैकी कोणीही पडताळणीत उरत नाही.

## इतर देशांशी तुलना

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्यातील एका प्रकरणात, परवान्यासाठी विशेष गरज सिद्ध करण्याची अट घटनाबाह्य ठरविली. त्यामुळे तेथील परवाना पद्धतीत ओळख, निवास, वय व गुन्हेगारी पूर्वेतिहास या कागदोपत्री तपासण्यांनाच मुख्य महत्त्व येते. अनेक राज्यांत तर शस्त्र झाकून नेण्यासाठी परवान्याची अटच राहिलेली नाही.

भारतीय राज्यघटनेत असा मूलभूत हक्क नाही, याकडे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांसंबंधीच्या प्रकरणात लक्ष वेधले होते. म्हणूनच भारतात ओळखीचे पुरावे पूर्ण होणे हा प्रक्रियेचा आरंभ असतो, शेवट नसतो. शिरूर वा दौंडच्या अर्जदाराचे नाव, वय व पत्ता निर्विवाद ठरल्यानंतरच त्याच्या गरजेचा आणि त्याच्या हाती शस्त्र देण्याच्या सुरक्षिततेचा विचार सुरू होतो.